दिवे आहेत, पण रस्ता दिसत नाही!

भाद्रपदातली संध्याकाळ. गौरी-गणपतीसाठी साताऱ्याहून खेडजवळच्या आपल्या गावी निघालेले एक कुटुंब महाबळेश्वर ओलांडून आंबेनळी घाट उतरू लागले होते. पुढे नवरा-बायको, मागे आजी आणि दोन मुले. डिकीत मखराचे सामान, फराळाचे डबे, कपड्यांच्या बॅगा, शिवाय गावच्या घरासाठी घेतलेला मिक्सर. निघायला उशीर झाला होता, पण गृहस्थ निर्धास्त होते. गाडीचे दिवे मंद वाटतात म्हणून आठवड्यापूर्वीच त्यांनी एका मित्राच्या सल्ल्याने जास्त वॅटचे बल्ब बसवून घेतले होते.

दुसऱ्या-तिसऱ्या वळणावरच ढग रस्त्यावर उतरलेला दिसला. गृहस्थांनी सवयीने अप्पर लावला आणि समोर जणू पांढरीशुभ्र चादर टांगली गेली. गाडीचे बॉनेट तेवढे दिसत होते.

"अहो, आता तर काहीच दिसत नाही!" पत्नी ओरडली. मागच्या सीटवर आजींचे नामस्मरण चालू होते, तेही थांबले. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. पण दरी नेमकी कुठे सुरू होते, ते कळायला मार्ग नव्हता.

तेवढ्यात समोरून एस.टी. आली. चालकाने गाडी अगदी शेजारी आणून उभी केली, खिडकीतून डोके बाहेर काढले आणि म्हणाला, "साहेब, आधी तो अप्पर बंद करा. मला तुमची गाडी दिसत नाही, नुसता उजेड दिसतोय. खालचा दिवा ठेवा, डाव्या अंगाची पांढरी पट्टी धरा, आणि दुसऱ्या गिअरवर सावकाश जा."

त्यांनी तसेच केले. पोलादपूर गाठायला एरवीच्या दुप्पट वेळ लागला, पण मंडळी सुखरूप पोहोचली. दुसऱ्या दिवशी गावाजवळच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने अर्धा तास गाडी तपासली आणि सांगितले, की दिवे मंद असण्याचे कारण बल्ब नव्हतेच. कारणे तीन होती, आणि नवे बल्ब हे त्यात पडलेले चौथे संकट होते.

ही गोष्ट एका घरची असली, तरी हजारो मोटारींची हीच कथा आहे. दिव्यांबद्दल बहुतेकांची एकच समजूत असते: जितका उजेड जास्त तितके चांगले. प्रत्यक्षात उजेड किती आहे यापेक्षा तो कुठे पडतो, याला महत्त्व आहे. धुक्यात तर फारच.

अप्पर लावला की भिंत का उभी राहते?

धुके म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब. प्रत्येक थेंब प्रकाश सगळीकडे उधळतो आणि त्यातला काही भाग सरळ चालकाच्या डोळ्यांकडे परत येतो. अप्परचा झोत सरळ आणि थोडा वर जातो, म्हणजे नेमका चालकाच्या नजरेच्या रेषेतला सगळा ढग उजळून टाकतो. रस्ता त्या उजळलेल्या ढगापलीकडे राहतो. अशा वेळी बल्ब दुप्पट ताकदीचा लावला, तर ती पांढरी भिंतही दुप्पट प्रखर होते.

डिपर लावला की झोत खाली रस्त्यावर पडतो आणि डोळ्यांसमोरचा ढग त्या मानाने अंधारात राहतो. फॉग लाइट हेच काम आणखी नेटकेपणाने करतो. तो बंपरमध्ये खाली बसवलेला असतो, त्याचा झोत रुंद, चपटा आणि वरच्या कडेला कापल्यासारखा असतो. तो लांबचे दाखवत नाही, दाखवावे अशी अपेक्षाही नाही. गाडीच्या पुढचे थोडे अंतर आणि रस्त्याच्या दोन्ही कडा तेवढ्या दाखवतो. धुक्यात चालकाला हवी असते तीच कड. म्हणूनच फॉग लाइटच्या भरवशावर वेगाने जाणे चुकीचे आहे, आणि धुके नसताना शहरात नुसत्या शोभेसाठी ते लावून फिरणे त्याहून चुकीचे. जवळचा रस्ता फार उजळला की डोळा त्या उजेडाला सरावतो आणि दूरचे कमी दिसू लागते.

फॉग लाइट पिवळाच हवा, असे अनेक दुकानदार ठासून सांगतात. पिवळा प्रकाश धुके भेदून जातो हा समज जुना आहे, पण धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने बरेच मोठे असतात, आणि एवढ्या मोठ्या थेंबांपुढे पांढरा काय, पिवळा काय, जवळजवळ सारखाच उधळला जातो. निळसर छटा कमी झाल्याने पिवळा उजेड काहींच्या डोळ्यांना सौम्य वाटतो, एवढेच. फ्रान्समध्ये १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९३ पर्यंत मोटारींना पिवळे हेडलाइट सक्तीचे होते, पुढे युरोपातील समान नियमांसाठी ती सक्ती उठली. तेव्हा पिवळ्या फॉग लाइटची आवड असेल तर जरूर लावावा, मात्र त्याच्या जोरावर वेग वाढवू नये.

डोळ्यांचा हिशेब आणि ब्रेकचा हिशेब

हवामान खात्याच्या भाषेत दृश्यमानता १,००० मीटरच्या खाली गेली की धुके, २०० मीटरच्या खाली गेली की दाट धुके आणि ५० मीटरच्याही खाली गेली की अतिदाट धुके. आता ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. काहीतरी दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यात २५ मीटर संपले. कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी सुमारे २० मीटर, ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त. म्हणजे ५० मीटर दिसत असताना ताशी ६० चा वेगसुद्धा नशिबावर हवाला ठेवण्यासारखाच आहे. तोच वेग ४० वर आणला तर ओल्या रस्त्यावरही गाडी ३० मीटरच्या आत थांबू शकते.

उत्तर हिंदुस्थानात राहणाऱ्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. डिसेंबर-जानेवारीत दिल्ली, आग्रा, लखनौकडच्या रस्त्यांवर सकाळी दहा वाजेपर्यंत धुके उठत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये यमुना द्रुतगती मार्गावर दाट धुक्यात एकामागून एक अनेक मोटारी कशा आदळत गेल्या, याची दृश्ये साऱ्या देशाने पाहिली. पुढची गाडी थांबली आहे हे मागच्याला दिसेपर्यंत अंतर उरतच नाही.

धुके नसले तरी रात्री हाच हिशेब लागू होतो. डिपरच्या उजेडात गडद रंगाची वस्तू साधारण ४० ते ६० मीटरवरून दिसते. ताशी ८० च्या वेगात गाडी थांबायला कोरड्या रस्त्यावरही जवळजवळ ७० मीटर लागतात. ऊसतोडीच्या हंगामात सांगली, कोल्हापूर, सातारा, अहिल्यानगरकडच्या रस्त्यांवर रात्री ज्यांनी गाडी चालवली आहे, त्यांना मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली अचानक समोर येणे म्हणजे काय, हे ठाऊक असेल. मोकळ्या अंधाऱ्या रस्त्यावर अप्पर लावण्यात काहीच गैर नाही, तो त्यासाठीच आहे. मात्र समोरून वाहन आले की डिपर, आणि पुढे कुणी चालले असेल तरीही डिपर. हा दुसरा भाग बरेच जण विसरतात. आपला अप्पर पुढच्या गाडीच्या आरशातून थेट त्या चालकाच्या डोळ्यांत जातो.

आणि दुचाकीवाला किंवा पायी चालणारा समोर असला, तरी डिपरच. त्याच्या हातात आपल्याला परतफेड म्हणून दाखवायला दिवा नसतो, म्हणून त्याला त्रास होत नाही असे नाही.

समोरच्याने अप्पर उतरवलाच नाही, तर त्याच्या दिव्यांकडे न पाहता नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवावी आणि वेग कमी करावा. चिडून आपणही अप्पर लावला, तर एका आंधळ्याचे दोन होतात. वय वाढते तसे डोळे दिपल्यानंतर पुन्हा नीट दिसायला जास्त वेळ लागतो, मोतीबिंदू सुरू झाला असेल तर आणखी. घरातले आजोबा "रात्री आता मी चालवत नाही" म्हणाले, तर त्यांना आग्रह करू नये.

ते छोटे बटण कशासाठी असते?

आता त्या कुटुंबाच्या गाडीकडे वळू. इलेक्ट्रिशियनने सर्वांत आधी बॉनेट उघडले नाही. तो चालकाच्या जागेवर बसला आणि स्टिअरिंगच्या उजवीकडे खाली असलेले एक छोटे चक्रीचे बटण दाखवून म्हणाला, "हे कधी फिरवलंय का, दादा?"

त्या बटणावर शून्यापासून तीनपर्यंत आकडे होते. नऊ वर्षे ती गाडी चालवणाऱ्या गृहस्थांनी ते एकदाही फिरवले नव्हते. पुष्कळ मोटारींत हे बटण असते आणि पुष्कळ घरांत त्याचा उपयोग कुणालाच माहीत नसतो.

मागे तीन माणसे बसली, डिकी भरली, की गाडीचे मागचे अंग दबते आणि नाक वर उचलले जाते. नाकाबरोबर हेडलाइटही वर पाहू लागतात. मग डिपर लावलेला असूनही झोत अर्धवट अप्परसारखा होतो. समोरच्याचे डोळे दिपतात, धुक्यात आपल्याच पुढे भिंत उभी राहते आणि जवळचा रस्ता अंधारा होतो. हे बटण फिरवले की हेडलाइटच्या आतली छोटी मोटर झोत खाली आणते. शून्य म्हणजे चालक एकटा किंवा पुढे दोघेच, आणि आकडा वाढेल तसा झोत खाली. कोणत्या भाराला कोणता आकडा, ते गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत दिलेले असते. ती पुस्तिका बहुधा प्लॅस्टिकच्या पिशवीत, जशी आली तशीच पडून असते. काही महागड्या गाड्यांत हे काम आपोआप होते, त्यांना बटण नसते.

भरल्या घराने गावाला निघताना, सुट्टीत फिरायला जाताना, लग्नाला जाताना, म्हणजे रात्रीचा प्रवास घडण्याची शक्यता सर्वांत जास्त असते तेव्हाच, हे बटण शून्यावर असते. डिकी भरून झाल्यावर टायरची हवा बघतो त्याच वेळी ते बघितले, की एक मिनिटाचे काम आहे.

भिंतीवरची परीक्षा

भार नसतानाही झोत चुकीचा असू शकतो. किरकोळ धडक, बंपरचे काम, बल्ब बदलताना झालेली धांदल, एवढे पुरते. घरच्या घरी तपासायचे असेल तर सपाट जागा आणि तिच्यासमोर एक भिंत हवी. सोसायटीच्या आवारातली भिंत चालते. टायरमध्ये योग्य हवा असावी, चालकाच्या जागी कुणीतरी बसावे आणि बटण शून्यावर असावे. गाडी भिंतीपासून बरोबर १० मीटरवर उभी करावी. हेडलाइटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून तेवढ्याच उंचीवर भिंतीवर खडूने रेघ ओढावी आणि डिपर लावावा.

उजेडाची वरची कड त्या रेघेच्या खाली पडायला हवी. किती खाली, ते पुष्कळदा हेडलाइटवर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर टक्क्यांत छापलेले असते. १ टक्का असेल तर १० मीटरवर १० सेंटिमीटर खाली. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, म्हणून ही कड उजवीकडे आडवी आणि डावीकडे किंचित वर चढलेली असते. त्यामुळे समोरच्याचे डोळे वाचतात आणि डाव्या कडेची पाटी, माणूस, दगड लांबून दिसतो. उजवीकडून वाहतूक असलेल्या देशासाठी बनवलेला हेडलाइट कुणी हौसेने आणून बसवला, तर हे सगळे उलटे होते.

कड चुकलेली असेल तर हेडलाइटच्या मागे स्क्रू असतात, एक वर-खालीसाठी आणि बहुधा दुसरा डावी-उजवीसाठी. ते थोडे थोडे फिरवावेत. हात धजावत नसेल तर गॅरेजमध्ये यासाठी यंत्र असते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्येही दिव्यांचा झोत खाली वळलेला असावा, ८ मीटरवर दीड मीटर उंचीवर असलेले माणसाचे डोळे दिपू नयेत, अशी अट आहे. पूर्वी हेडलाइटच्या काचेवर मधोमध काळा ठिपका किंवा वरच्या अर्ध्या भागावर काळी पट्टी लावत, ती त्याच हेतूने. आताच्या हेडलाइटला त्याची गरज नाही, झोत फक्त जागेवर हवा.

मंद दिव्यांचे खरे कारण

दुसरे कारण काच. नऊ वर्षांच्या उन्हाने हेडलाइटचे आवरण पिवळट, धुरकट झाले होते. जुन्या मोटारींना खरी काच असायची, ती पिवळी पडत नसे. आताचे आवरण पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकचे असते. उन्हातले अतिनील किरण त्याचा वरचा संरक्षक थर खातात. अशा आवरणातून प्रकाश कमी बाहेर येतो, आणि जो येतो तो विखरून येतो. टूथपेस्टने घासण्याचा उपाय घरोघरी प्रसिद्ध आहे. त्याने काच चमकते खरी, पण काही दिवसांतच पुन्हा पहिल्यासारखी होते. टिकाऊ उपाय म्हणजे पाण्याच्या पॉलिश पेपरने आधी जाड, मग बारीक, मग अतिबारीक असे घासणे, त्यावर पॉलिश, आणि शेवटी अतिनील किरण अडवणारा थर देणे. हा शेवटचा थर दिला नाही, तर उघडे पडलेले प्लॅस्टिक आधीपेक्षाही लवकर पिवळे होते. पैसे वाचवण्यासाठी हाच टप्पा गाळला जातो. काम करून घेताना तेवढे विचारून घ्यावे.

तिसरे कारण जास्त फसवे होते. इलेक्ट्रिशियनने इंजिन चालू ठेवून, दिवे लावून मीटरने मोजले. बॅटरीवर १३.८ व्होल्ट होते आणि बल्बच्या होल्डरवर जेमतेम १२.१. पावणेदोन व्होल्ट वाटेतच जिरत होते. हॅलोजन बल्बचा स्वभाव असा, की व्होल्टेज १० टक्के घटले तर उजेड १० नव्हे, ३० टक्क्यांच्या आसपास घटतो. म्हणजे या गाडीचा एक तृतीयांशाहून जास्त उजेड तारांतच नाहीसा होत होता.

दोष निघाला अर्थिंगमध्ये. हेडलाइटची काळी तार गाडीच्या पत्र्याला जिथे बोल्टने आवळलेली असते, तिथे अनेक पावसाळ्यांचा गंज साठला होता. बोल्ट काढला, पत्रा आणि टर्मिनल घासून लख्ख केले, पुन्हा आवळून वरून ग्रीस लावले. या कामाला नवा सुटा भाग एकही लागला नाही.

आता चौथे संकट. साध्या एच-४ हॅलोजन बल्बला अप्परसाठी ६० आणि डिपरसाठी ५५ वॅट लागतात. त्या गृहस्थांनी १०० आणि ९० वॅटचे घातले होते. जास्त वॅट म्हणजे तारांतून जास्त करंट, आणि खराब जोडातून जास्त करंट गेला की व्होल्टेजची गळती आणखी वाढते. उष्णता वाढते ती वेगळीच. होल्डर काढला तेव्हा त्याचे प्लॅस्टिक तपकिरी होऊन एका कडेला वितळले होते. आणखी काही रात्रींनंतर दिवे कुठल्या तरी वळणावर एकदम गेले असते, किंवा तारांनी पेट घेतला असता. असे बल्ब रस्त्यावर वापरायला मान्यही नाहीत, तरी दुकानात सहज मिळतात.

हीच गोष्ट एल.ई.डी. बल्बची. कारखान्यातून एल.ई.डी. हेडलाइट घेऊन आलेली गाडी वेगळी. तिथे आतला आरसा किंवा भिंग त्या दिव्यासाठीच घडवलेले असते. हॅलोजनसाठी घडवलेल्या हेडलाइटमध्ये बाजारातला एल.ई.डी. बल्ब खुपसला, की प्रकाश तारेच्या नेमक्या जागेवरून येत नाही, झोताची कड फुटते आणि उजेड नको तिथे उधळतो. बसवणाऱ्याला समोर पांढराशुभ्र उजेड दिसतो म्हणून तो खूश, समोरून येणाऱ्याचे मात्र डोळे जातात.

एक दिवा गेला तर

काही बिघाड घरीच ओळखता येतात. एकाच बाजूचा दिवा लागत नसेल तर दोन्ही बाजूंचे बल्ब अदलाबदल करून पाहावेत. दोष बल्बबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर बल्ब गेला, जागेवरच राहिला तर त्या बाजूचा फ्यूज, होल्डर किंवा अर्थिंग पाहावे. दोन्ही डिपर एकदम गेले आणि अप्पर चालू असेल तर बहुधा स्टिअरिंगजवळचा कॉम्बिनेशन स्विच किंवा रिले दोषी असतो. मात्र दोन्ही बल्ब जुने असतील तर एक आधीच गेलेला होता आणि लक्षातच आला नाही, असेही घडते.

इंजिन मंद चालताना दिवे मंद आणि रेस दिल्यावर प्रखर होत असतील, तर अल्टरनेटरचा पट्टा सैल आहे का आणि बॅटरी जुनी झाली आहे का, ते पाहावे. बल्ब वारंवार उडत असतील तर उलटी शंका घ्यावी: व्होल्टेज जास्त येत असेल. ते ५ टक्क्यांनी वाढले तरी बल्बचे आयुष्य निम्म्यावर येते. खड्ड्यात दिवे लुकलुकत असतील तर जोड ढिला आहे.

बल्ब बदलताना त्याच्या काचेला बोट लावू नये. बोटाचे तेल त्या तापणाऱ्या काचेवर डाग धरते, तो भाग जास्त तापतो आणि बल्ब लवकर जातो. चुकून लागलेच तर स्पिरिटने पुसून टाकावे. बल्बच्या पत्र्याला तीन कान असतात, ते खाचेत नीट बसले पाहिजेत. वाकडा बसलेला बल्ब लागतो व्यवस्थित, पण झोत आकाशात जातो. शेवटी मागचे रबरी बूट सगळीकडून दाबून बसवावे. ते अर्धवट राहिले की पावसाळ्यात हेडलाइटमध्ये पाणी शिरते. धुतल्यावर किंवा पावसात आत हलके दव दिसणे आणि दिवा लावल्यावर ते निघून जाणे यात काळजीचे काही नाही. तळाशी पाणी साचले असेल, तर मात्र बूट आणि हवा जाण्याच्या बारीक नळ्या तपासाव्या लागतात.

फॉग लाइट जमिनीलगत असल्याने चिखल, खडे आणि साचलेले पाणी त्यालाच आधी लागते. वर्षातले अकरा महिने तो लावला जात नाही, त्यामुळे बिघडलेला कळतही नाही. पुष्कळ गाड्यांत पार्किंग लाइट लावल्याशिवाय तो लागत नाही, हा बिघाड नव्हे. पावसाळ्याच्या तोंडाशी एकदा लावून पाहावा, आणि डॅशबोर्डवरच्या खुणाही ओळखून ठेवाव्यात. निळी खूण अप्परची. तिरक्या रेषांवरून एक नागमोडी रेघ गेलेली हिरवी खूण पुढच्या फॉग लाइटची. तशीच पण पिवळसर खूण मागच्या फॉग लाइटची.

हा मागचा फॉग लाइट म्हणजे साध्या टेललाइटपेक्षा कितीतरी प्रखर असा लाल दिवा. आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांत तो उजव्या बाजूला एकच असतो आणि "डावीकडचा गेलाय वाटतं" म्हणून लोक गॅरेजमध्ये जातात! अतिदाट धुक्यात तो लाखमोलाचा. धुके विरळ झाले, किंवा मागची गाडी जवळ येऊन चालू लागली, की तो बंद करावा. नाहीतर मागच्याला आपला ब्रेक लागलेला कळत नाही.

नव्या गाड्यांत आणखी एक गफलत होते. दिवसा आपोआप लागणारे पुढचे बारीक दिवे चालू असतात, डॅशबोर्डही उजळलेला असतो, त्यामुळे चालकाला वाटते दिवे लागले आहेत. पण त्या दिव्यांबरोबर बहुतेक गाड्यांत टेललाइट लागत नाहीत. सकाळच्या धुक्यात अशी गाडी पुढून दिसते आणि मागून अंधारात असते. दिवे "ऑटो"वर ठेवलेले असले तरी पांढऱ्या उजळ धुक्यात सेन्सरला दिवसच वाटू शकतो. म्हणून धुके दिसताच स्वतः हाताने डिपर लावावा. चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवून चालण्याची पद्धतही सोडावी. मागच्याला गाडी थांबली आहे की चालू आहे ते कळत नाही आणि आपण वळणार असलो तर तेही समजत नाही. थांबायचेच असेल तर रस्ता पूर्ण सोडून बाजूला जावे आणि मग ते लावावेत.

आतून काच धूसर होत असेल तर धुक्याला दोष देण्याआधी ए.सी. लावून हवा समोरच्या काचेवर सोडावी. पाच माणसांच्या श्वासाचा दमटपणा मिनिटभरात निघून जातो.

त्या गाडीत पुन्हा साधे ६०/५५ वॅटचे बल्ब आले, होल्डर नवा बसला, काच घासली गेली. होल्डरवर आता १३.३ व्होल्ट मिळत होते. जुने जास्त वॅटचे बल्ब इलेक्ट्रिशियनने कागदात गुंडाळून परत दिले, तेव्हा आजी म्हणाल्या, "ते घरात नको आणूस बाबा." एक जादा बल्ब आणि चार फ्यूज मात्र डॅशबोर्डच्या कप्प्यात गेले.

गौरी-विसर्जनानंतर मंडळी परत निघाली. या वेळी दुपारीच. तरीही महाबळेश्वरच्या अलीकडे ढग आडवा आलाच. पत्नीने विचारले, "अहो, बटण कितीवर आहे?" डिकीत आता नारळ, तांदूळ आणि फणसाच्या पापडांचा डबा होता. गृहस्थांनी डिपर लावला, बटण दोनवर आणले आणि डाव्या बाजूची पांढरी पट्टी धरली.